बॅकअपच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी : बातमी नव्या आवृत्तीची, जबाबदारी जुन्या टेपांची

सर्व्हर सांभाळण्याच्या नोकरीत तुम्ही नुकतेच रुजू झाला असाल आणि ‘बॅकअपचे तेवढे तू बघ’ असे सांगून वरिष्ठांनी ते काम तुमच्याकडे सोपवले असेल, तर त्या एका वाक्यामागे किती वर्षांचा डेटा आहे हे बहुधा तुम्हाला कोणी सांगितलेले नसते. फुल, डिफरन्शियल आणि इन्क्रिमेंटल यांतला फरक तुम्हाला ठाऊक आहे, रात्रीचे जॉब कसे लावतात हे येते, असे मी धरून चालते. मला लिहायचे आहे ते ओपन सोर्स बॅकअप सॉफ्टवेअरविषयी सतत येणाऱ्या बातम्यांबद्दल. अमुक प्रकल्पाचा फोर्क झाला (म्हणजे त्याच्याच कोडवरून वेगळा प्रकल्प निघाला), तमुक कंपनी विकली गेली, एखाद्या आवृत्तीची पॅकेजेस आता वर्गणीदारांनाच मिळणार, अशा बातम्या वाचून निर्णय घेण्याची वेळ नवख्या माणसावर फार लवकर येते, आणि त्या निर्णयाची किंमत काही वर्षांनी भलत्याच कोणाला मोजावी लागते. मी त्या ‘भलत्याच कोणा’च्या जागी होते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मी शिकले ते बाकुला या ओपन सोर्स बॅकअप सॉफ्टवेअरवर, तेव्हा सुरुवात तिथूनच करते. कर्न सिबाल्ड यांनी 2000 साली हे काम हाती घेतले आणि 2002 मध्ये ते सर्वांसाठी खुले केले. 2008 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये बाकुला सिस्टीम्स ही कंपनी स्थापन झाली, आणि त्यानंतर समुदायाची एक आवृत्ती व पैसे मोजून घ्यायची एंटरप्राइज आवृत्ती असे दोन मार्ग पडले. कोणती सोय कोणत्या आवृत्तीत येणार यावरून धुसफूस वाढली, 2010 पासून काही जणांनी वेगळे काम सुरू केले आणि 2013 मध्ये जर्मनीतील कोलोन शहरातून बॅरिओस हा फोर्क जाहीर झाला. या वादात नवख्याने बाजू घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. आज दोन्हींचा परवाना एजीपीएल 3 हा ओपन सोर्स परवाना आहे, दोन्हींत डायरेक्टर (जॉब चालवणारा), स्टोरेज डेमन (टेप किंवा डिस्कवर लिहिणारा) आणि फाइल डेमन (ज्या मशीनचा बॅकअप घ्यायचा त्यावरचा) अशीच रचना आहे, आणि दोन्हींवर जगभर प्रामाणिकपणे काम चालते. आपल्याला पाहायचे ते एवढेच की माझा जुना कॅटलॉग, म्हणजे कोणती फाइल कोणत्या टेपेवर आहे याच्या नोंदींचा डेटाबेस, नव्या घरात जातो की नाही. फोर्क झाला त्या काळात बाकुला 5.2 वरून बॅरिओसवर जाण्याची रीत दिलेली होती. पुढे मात्र दोघांचे कॅटलॉग आपापल्या दिशेने बदलत गेले. ‘मूळ एकच आहे, तेव्हा कधीही इकडून तिकडे जाता येईल’ हा समज त्यामुळे धोक्याचा आहे.

आता मी स्वतः ज्या सापळ्यात सापडले त्याविषयी, आणि इथे मी घाई करणार नाही.

मी पुण्यातील एका कंपनीत रुजू झाले, त्याच्या बरेच आधी तिथे एक बॅकअप सॉफ्टवेअर सोडून दुसरे घेतलेले होते. बातम्या तशा होत्या, निर्णयही त्या वेळच्या लोकांना रास्त वाटला असणार. नवे सॉफ्टवेअर छान चालत होते. जुन्या टेपा कपाटात ओळीने, बारकोडसह, महिन्याप्रमाणे लावलेल्या होत्या. मग लेखापरीक्षणासाठी एका जुन्या आर्थिक वर्षातील एकच फोल्डर हवे झाले. टेप सापडली, ड्राइव्हमध्ये गेली, जुन्या कॅटलॉगचा एक डंपही मिळाला आणि त्यावर जुनी आवृत्ती उभी राहिली. बीकन्सोल या बाकुलाला आज्ञा देण्याच्या साधनात रिस्टोअरची (फाइली परत आणण्याची) आज्ञा दिली, तर फाइलींची यादी येण्याऐवजी उत्तर आले की निवडीसाठी एकही फाइल उपलब्ध नाही, बहुधा तुमच्या रिटेन्शन धोरणामुळे नोंदी काढून टाकल्या गेल्या आहेत, सगळ्याच फाइली परत आणायच्या आहेत का?

टेपेवर डेटा शाबूत होता, पण त्या डेटात कुठे काय आहे हे सांगणाऱ्या नोंदी गेलेल्या होत्या. हे नीट समजून घ्या, कारण बाकुलात ‘रिटेन्शन’ ही एक गोष्ट नसून तीन आहेत. फाइल रिटेन्शन म्हणजे प्रत्येक फाइलची नोंद कॅटलॉगमध्ये किती काळ राहणार; तुम्ही काही लिहिले नाही तर हा काळ 60 दिवस असतो. जॉब रिटेन्शन म्हणजे अमुक रात्री अमुक जॉब झाला ही नोंद किती काळ राहणार. तो काळ 180 दिवस. व्हॉल्यूम रिटेन्शन म्हणजे टेप किंवा डिस्कवरील व्हॉल्यूम पुन्हा वापरात घ्यायला किती काळ थांबायचे. ते 365 दिवस. नवखा माणूस यांतला शेवटचा आकडा वाचतो, तो वाढवून दहा वर्षांचा करतो आणि डेटा दहा वर्षे सुरक्षित झाला असे समजून निर्धास्त होतो. प्रत्यक्षात 60 दिवसांनंतर फाइलींच्या नोंदी छाटल्या जातात. त्यानंतर एक फाइल निवडून काढता येत नाही, अख्खा जॉब परत आणावा लागतो. 180 दिवसांनंतर जॉबची नोंदही जाते, आणि मग टेपेवर काय आहे हे विचारण्याची सोयच उरत नाही. जो काळ सर्वांत छोटा, तोच तुमचा खरा रिटेन्शन असतो.

अशा वेळी बीस्कॅन हा उपाय असतो. हे साधन टेप सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचत जाते आणि कॅटलॉगमधील नोंदी पुन्हा तयार करते. ते काम करते, पण वेळ खाते, आणि कोणत्या टेपा कोणत्या क्रमाने हव्यात हे तुम्हाला माहीत असावे लागते. त्यात आणखी एक पेच आहे. तयार झालेल्या नोंदी जुन्या तारखांच्याच असतात. रिटेन्शनचे काळ आधी वाढवून ठेवले नाहीत, तर पुढच्या छाटणीत त्या नोंदी पुन्हा पुसल्या जाऊ शकतात आणि सगळी मेहनत वाया जाते. म्हणून बीस्कॅनला हात लावण्याआधी तिन्ही काळ वाढवा, आणि ते कॅटलॉगमधील प्रत्येक व्हॉल्यूमला खरोखर लागू झाले आहेत याची खात्री करा, कारण पूलची (व्हॉल्यूमच्या गटाची) व्याख्या बदलली म्हणून आधीच लेबल झालेल्या व्हॉल्यूमचा काळ आपोआप बदलत नाही.

सॉफ्टवेअर बदलताना हा सापळा अधिक घट्ट होतो. जुने सॉफ्टवेअर चालू असते तोवर निदान कोणी कॅटलॉगचा बॅकअप घेत असते. बाकुलासोबत येणाऱ्या नमुना मांडणीत इतर जॉब रात्री 23:05 ला आणि कॅटलॉगचा जॉब त्यानंतर 23:10 ला, मागच्या प्राधान्याने, लावलेला असतो; सर्व जॉब आटोपल्यावरच कॅटलॉग घ्यायचा हा त्यामागचा विचार. नवे सॉफ्टवेअर आले की तो जॉब थांबतो, जुना सर्व्हर परत दिला जातो आणि टेपा तेवढ्या मागे राहतात. म्हणून कोणत्याही स्थलांतरात जुन्या कॅटलॉगचा शेवटचा डंप, बूटस्ट्रॅप फाइली (रिस्टोअरसाठी कोणत्या व्हॉल्यूमवर कुठे वाचायचे ते सांगणाऱ्या), कॉन्फिगरेशन, एन्क्रिप्शन वापरत असाल तर त्याच्या किल्ल्या आणि त्या आवृत्तीचे इन्स्टॉल करण्याजोगे पॅकेज हे सारे टेपांइतक्याच काळजीने जपा. यात तडजोड करू नका, साहेब कितीही घाईत असले तरी.

भारतात याला कायद्याची बाजूही आहे. कंपनी कायद्याच्या कलम 128 नुसार हिशेबाची पुस्तके आठ आर्थिक वर्षे जपावी लागतात, आणि इलेक्ट्रॉनिक हिशेबपुस्तकांचा बॅकअप भारतात असलेल्या सर्व्हरवर रोज ठेवला गेला पाहिजे, अशी दुरुस्ती ऑगस्ट 2022 मध्ये झाली. आठ वर्षे आणि 60 दिवस हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा.

आता बातम्यांकडे परत येते. अमांडा हे मेरीलँड विद्यापीठात जन्मलेले, 1990च्या दशकाच्या आरंभीचे सॉफ्टवेअर. त्यावर 2005 मध्ये झमांडा ही कंपनी उभी राहिली, 2012 मध्ये ती कार्बोनाइटने घेतली आणि 2018 मध्ये ती बेटसोलकडे गेली. इतके मालक बदलले तरी अमांडाच्या जुन्या टेपांना त्याची झळ फारशी लागत नाही, याचे कारण मला फार मोलाचे वाटते. टेपेवरील प्रत्येक डंपच्या आरंभी 32 किलोबाइटचा मथळा असतो, आणि त्यात साध्या मजकुरात लिहिलेले असते की टेप या जागी आणा आणि पुढील आज्ञा चालवा. नेहमीच्या मांडणीत त्या आज्ञेत डीडी, जीझिप आणि टार या युनिक्सवरील नेहमीच्या साधनांपलीकडे काही नसते. ज्याने हे ठरवले त्याने आपल्यानंतर येणाऱ्या अनोळखी माणसाचा विचार केला होता. सॉफ्टवेअर निवडताना मी आता हाच गुण सर्वांत आधी शोधते.

याच नजरेने इतर बातम्या वाचा. बॅरिओसच्या 21व्या मालिकेपासून कॅटलॉगसाठी मायएसक्यूएल या डेटाबेसचा आधार काढला गेला आणि फक्त पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस उरला. ज्यांनी त्याआधी कॅटलॉग हलवून घेतला नाही त्यांच्यासाठी ही त्या वर्षीची सर्वांत मोठी बातमी होती, आणि मी अनेकांना ती वगळून वेब इंटरफेसच्या नव्या रूपाबद्दल बोलताना पाहिले. बोर्गबॅकअप हा 2015 मध्ये ॲटिक या बॅकअप सॉफ्टवेअरपासून निघालेला फोर्क. त्याची दुसरी मालिका पहिल्या मालिकेची रिपॉझिटरी (बॅकअपचा साठा) थेट वापरत नाही, डेटा वेगळ्या आज्ञेने नव्या रिपॉझिटरीत न्यावा लागतो. व्हिएन्नाच्या प्रॉक्समॉक्सने 2020 मध्ये बॅकअप सर्व्हर आणला. त्यात पॅकेजेस मिळण्याच्या रिपॉझिटरी वर्गणीदारांची आणि बिनवर्गणीची अशा वेगवेगळ्या आहेत, आणि आपला सर्व्हर कोणत्या रिपॉझिटरीतून अद्ययावत होतो हे पहिल्याच दिवशी तपासावे. बॅरिओसच्या बाबतीतही काही वर्षे मालिकेची पहिली पॅकेजेस सर्वांना आणि नंतरच्या दुरुस्त्यांची पॅकेजेस वर्गणीदारांना अशी पद्धत होती. स्रोत मात्र खुला होता. यात फसवणूक काही नाही. माणसांना पगार द्यावा लागतो, आणि परवडत असेल तर वर्गणी भरावी या मताची मी आहे. पण आपण विनामूल्य रांगेत आहोत हे ठाऊक नसताना ज्ञात दोष असलेली आवृत्ती वर्षभर चालवत राहणे परवडणारे नाही.

हे सारे वाचून दडपण आले असेल, तर ते स्वाभाविक आहे. मलाही आले होते. पण या क्षेत्रात एक मोठा दिलासा आहे : सगळे काही तुमच्या लॅपटॉपवर करून पाहता येते. दोन व्हर्च्युअल मशीन घ्या, एकावर डायरेक्टर आणि पोस्टग्रेएसक्यूएल ठेवा, दुसऱ्यावर फक्त फाइल डेमन, आणि टेपऐवजी डिस्कवरील व्हॉल्यूम वापरा. थोडे बॅकअप घ्या, मग कॅटलॉगचा डेटाबेस मुद्दाम पुसा आणि व्हॉल्यूमवरून सर्व परत उभे करा. हे ज्याने एकदा शांतपणे केले आहे त्याला खऱ्या संकटात हात कुठे घालायचा हे कळते, आणि ते करायला कोणाची परवानगी लागत नाही.

तयार कंटेनर ओढून पंधरा मिनिटांत ‘बॅकअप सेटअप’ दाखवणारे व्हिडिओ मला मान्य नाहीत, कारण त्यांत रिस्टोअर जवळजवळ कधीच नसतो. मार्गदर्शकाच्या बाबतीतही मी हाच निकष लावते. जॉबचा ‘बॅकअप ओके’ असा ईमेल दाखवून समाधान मानणारा वरिष्ठ कितीही अनुभवी असला, तरी त्याच्याकडून ही एक गोष्ट शिकू नका. जो तुम्हाला दर महिन्याला एखादी जुनी फाइल वेगळ्या जागी परत आणायला लावतो आणि चेकसम (फाइल जशीच्या तशी आहे हे दाखवणारा आकडा) जुळवून दाखवायला सांगतो, त्याच्याजवळ थांबा, पगार थोडा कमी असला तरी.

मुलाखतीत तुम्हाला प्रश्न विचारायची संधी मिळते तेव्हा सर्वांत जुना रिस्टोअर कोणत्या वर्षाच्या टेपवरून आणि शेवटचा कधी केला, हे जरूर विचारा. उत्तर आले नाही तरी नोकरी नाकारू नका. मात्र रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात टेपांची यादी, प्रत्येक टेपेची पिढी आणि ती वाचणारा ड्राइव्ह यांची नोंद करा. एलटीओ या प्रचलित टेप प्रकारात एलटीओ-7 पर्यंतचे ड्राइव्ह मागच्या दोन पिढ्या वाचत असत. एलटीओ-8 फक्त मागची एकच पिढी वाचतो. कपाटात एलटीओ-6 च्या टेपा असतील आणि कार्यालयात नव्या ड्राइव्हच्या खरेदीची चर्चा चालू असेल, तर जुना ड्राइव्ह भंगारात काढण्याच्या कागदावर सही होण्याआधी हे लेखी कळवा.