मुंबईहून स्टुटगार्टला येताय? आधी घराचं बघा

मुंबई आणि स्टुटगार्ट ही 1968पासून भगिनी शहरं. मुंबईची मुलं-मुली इथे येतच असतात आणि बहुतेकांची पहिली चौकशी डाळ-तांदूळ कुठे मिळतात याची असते. ते मिळतात. काळजी घराची करा.

तुम्ही तिथे राहता असा सही केलेला कागद घरमालक देणार का, हे आधी विचारा. राहायला गेल्यापासून 2 आठवड्यांत पालिकेच्या कचेरीत पत्त्याची नोंद, म्हणजे आनमेल्डुंग, करावी लागते. त्याला हा कागद लागतोच. नोंद रखडली की टॅक्स नंबर रखडतो आणि पगारातून जास्त कर कापला जातो. आपलीच काही माणसं "नोंदणी नको, भाडं कमी घेतो" म्हणून खोली देऊ करतात. मराठी बोलतो एवढ्यावर विसंबून अशी खोली घेऊ नका. घर न बघता पैसेही पाठवू नका.

आता खिडक्या. हे मी प्रत्येकाला सांगते, तरी दर हिवाळ्यात कोणीतरी फसतंच. बाहेर थंडी म्हणून खिडक्या गच्च बंद, आत कुकरच्या शिट्ट्या आणि हीटरवर वाळत घातलेले कपडे. ती वाफ गार भिंतीवर बसते. महिन्याभरात कपाटामागे आणि खिडकीच्या रबरावर काळे ठिपके दिसायला लागतात. गिरगावात पावसाळ्यात भिंतीला बुरशी धरतेच, म्हणून आपण तिकडे काणाडोळा करतो. इथे घर सोडताना मालक नेमका तोच कोपरा दाखवतो. माझ्या ओळखीतल्या एका जोडप्याचं जवळजवळ सगळं डिपॉझिट असं गेलं, आणि डिपॉझिट मूळ भाड्याच्या तिप्पट असू शकतं. तेव्हा दिवसातून दोन-तीनदा सगळ्या खिडक्या सताड उघडा, हीटर बंद करून, पाच-दहा मिनिटं. स्वयंपाक झाला की उघडा, आंघोळ झाली की उघडा, बर्फ पडत असला तरी उघडा. खिडकी दिवसभर तिरकी, म्हणजे वरून थोडी आत कललेली, ठेवल्याने भिंत गार पडते आणि बुरशीला आणखी वाव मिळतो. किल्ल्या घ्याल त्याच दिवशी प्रत्येक भिंतीचे फोटो काढा आणि घराची स्थिती लेखी नोंदवून दोघांच्या सह्या घ्या.

प्रवासाचं थोडक्यात: इथे तिकीट तपासनीस साध्या कपड्यांतही येतात. विनातिकीट सापडलात तर 60 युरो. डॉइचलांड-टिकिट, म्हणजे देशभरच्या स्थानिक गाड्या-बसचा मासिक पास, लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांत चालत नाही. रविवारी दुकानं बंद असतात, दूध-भाजी शनिवारीच आणा.

जर्मन मुंबईतच शिकायला लागा, काळा घोड्याला माक्स म्युलर भवन आहेच. वर्षानुवर्षं इथे राहून शेजाऱ्याशी चार वाक्यं न बोलणारे आपले लोक पाहिले की मला वाईट वाटतं. इथली माणसं तोंडावर बोलतात, पण मनात ठेवत नाहीत, अडल्यावर मदतीलाही येतात. मात्र जिना झाडायची पाळी चुकवलेली त्यांना खपत नाही. बऱ्याच इमारतींत 'केअरवोखे'ची पाटी आठवड्याआठवड्याने दारोदार फिरते. ती तुमच्या दारावर दिसली की जिना झाडून-पुसून काढा, मग पाटी पुढच्या दाराला लावा.