शंभर टक्के वजन आणि रिकामी वस्ती

दरवर्षी जूनच्या आसपास दोन-तीन फोन हमखास येतात. "ताई, जिल्हा प्रशासनाबरोबर काम करायची संधी आलीय, महिला-बालविकासाचा विषय आहे. घेऊ का?" घ्या. पण आधी माझी फजिती ऐका.

अंगणवाडी, सॅम (तीव्र कुपोषित मूल), मॅम (मध्यम कुपोषित मूल) हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालते. माझं काम होतं साहेबांना आकडे समजावून देण्याचं. पोषण ट्रॅकर या अंगणवाड्यांच्या सरकारी अ‍ॅपमधून माहिती उतरवायची, सेक्टरनिहाय (सेक्टर म्हणजे एका पर्यवेक्षिकेकडच्या अंगणवाड्या) तक्ता करायचा आणि सोमवारच्या टीएल, म्हणजे टाइम लिमिट आढावा बैठकीत पडद्यावर लावायचा. कुठलं कार्यालय ते सोडा. तक्ता मात्र माझाच होता आणि त्याचा मला भारी अभिमान होता. ज्या सेक्टरमध्ये शंभर टक्के मुलांचं वजन घेतलं तो हिरवा, बाकी सगळे लाल. लाल सेक्टरच्या पर्यवेक्षिकेला भर बैठकीत उभं राहून उत्तर द्यावं लागे. तीन महिन्यांत पडदा हिरवागार झाला. साहेब खूश. मी तर त्या दिवशी इंदूरच्या छप्पन दुकानवरून सगळ्या घरासाठी कचोऱ्या घेऊन आले.

मग होळीच्या आधीचा भगोरियाचा, म्हणजे आदिवासी जत्रांचा आठवडा आला. सहज म्हणून बायपासपलीकडच्या एका बांधकाम वस्तीत गेले. झाबुआ-अलिराजपूरकडची कुटुंबं, ताडपत्रीची घरं. बहुतेक दारं तारेनं बांधलेली. एक म्हातारा कोंबड्या राखत बसला होता. म्हणाला, "सब भगोरिया गए." तिथून अंगणवाडीत गेले आणि रजिस्टर उघडलं. त्याच आठवड्याची तारीख, सगळ्या मुलांची वजनं भरलेली. ९.५, १०, १०.५, ११. काटा कधी असे नेमके अर्धे-अर्धे आकडे दाखवत नाही हो! उंचीच्या रकान्यात तर मागच्या महिन्याचेच आकडे उतरवलेले.

अंगणवाडीची कार्यकर्ता, म्हणजे सेविका, घाबरली नाही. म्हणाली, "मैडम, आप लाल करोगी तो हमको हरा तो करना पड़ेगा ना."

आता इथे जरा थांबते, कारण नव्या लोकांना यातला अर्धाच भाग कळतो. गावाला गेलेल्या मुलांचं वजन ठोकून दिलं, हा त्यातला लहान घोटाळा. खरा घात उंचीत आहे. सॅम ठरतं ते उंचीच्या मानानं वजन किती यावर. दोन वर्षांच्या आतलं मूल आडवं झोपवून मोजायचं, मोठं असेल तर उभं करून. आडवं मोजायला दोन माणसं लागतात. एकानं डोकं फळीला टेकवून धरायचं, दुसऱ्यानं गुडघे सरळ करून पाऊल धरायचं. मूल रडतं, गुडघे वाकवतं. सहायिका तेव्हा आहार वाटपात अडकलेली. मग कार्यकर्ता एकटीच मोजते आणि उंची दोन-तीन सेंटीमीटर कमी भरते, नाहीतर ती जुनाच आकडा उतरवते. कमी उंचीला वजनही कमी लागतं, त्यामुळे हडकुळं पोर कागदावर ठीकठाक दिसू लागतं. एकटीनं मोजलेलं असेल तर कोणी खोटंही लिहिलेलं नसतं, तरी मूल यादीतून गळतं. दंडाचा घेर त्यासाठीच मोजायचा: सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा घेर ११.५ सेंटीमीटरहून कमी आला, तर बाकी रकाने काहीही म्हणोत, मूल सॅम धरायचं. पट्टी पर्समध्ये ठेवा. मी अजून ठेवते.

आणि हे सगळं मी मागितलं होतं. शंभर टक्के मागितले, शंभर टक्के मिळाले.

दुरुस्तीला चार महिने लागले. 'बाहेरगावी' असा वेगळा रकाना केला आणि तो लाल धरायचा नाही असं ठरवलं. पर्यवेक्षिकेनं प्रत्येक अंगणवाडीत पाच मुलं स्वतः पुन्हा मोजायची आणि फरक सेक्टर बैठकीतच बोलायचा, वर न्यायचा नाही. साहजिकच सॅमचा आकडा वाढला. वाढणारा आकडा थेट टीएलमध्ये दाखवू नका, कधीच नाही. मी दोन दिवस आधी साहेबांच्या चेंबरमध्ये जाऊन सांगितलं. ते चिडले, मग म्हणाले, "ठीक है, चलने दो." अधिकारी वाईट नसतात. फक्त चारचौघांत धक्का बसलेला त्यांना चालत नाही.

मेंटॉरबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. दिल्लीहून व्हिडिओ कॉलवर जे 'बदलाचा सिद्धांत' शिकवतात, त्यांच्याकडून मी एकच गोष्ट शिकले, स्लाइडचा फॉन्ट. खरे शिकवले ते निवृत्तीला आलेल्या एका बाबूजींनी. माझी चार पानांची टीप त्यांनी अर्ध्या पानावर आणली. म्हणाले, पैसा न लागणारा मुद्दा वर घ्या, पैसा लागणारा खाली. आणि तोंडी मंजुरीला मंजुरी समजू नका. साहेबांची बदली झाली की चेंबरमधलं बोलणं त्यांच्याबरोबर जातं, फाइलमधली लेखी नोटशीट मागे राहते. आमच्या साहेबांची झाली. 'बाहेरगावी'चा रकाना नोटशीटवर होता म्हणून टिकला.

शॉर्टकट म्हणून अ‍ॅप काढायची हुक्की येईल. काढू नका. कार्यकर्तीच्या फोनमध्ये आधीच पुरेशी अ‍ॅप्स आहेत.

आणखी एक. पोषण पुनर्वास केंद्रात, म्हणजे सॅम मुलांवर उपचार होतात तिथे, आईला मुलासोबत साधारण चौदा दिवस राहावं लागतं. आई 'नाही' म्हणाली की आपण 'जागरूकतेचा अभाव' असं लिहून मोकळे होतो. मीही लिहिलंय. मग एका बाईनं मला विचारलं, घरी दोन पोरं आहेत, त्यांना भाकरी कोण घालणार? तिची थोरली मुलगी त्या दोघांसोबत राहील अशी सोय करताच ती त्याच संध्याकाळी निघाली.

पहिले सहा महिने तुम्हाला काही जमत नाहीये असं वाटेल. वाटू द्या, मलाही वाटायचं. लोकमान्य नगरातल्या घरी येऊन आईशी न बोलता झोपून जायचे.

यंदा भगोरियाच्या आठवड्यात पुन्हा त्याच अंगणवाडीत गेले. रजिस्टरमध्ये अकरा नावांपुढे 'बाहेर' लिहिलेलं होतं. उरलेल्यांपैकी एकाचं वजन ७.८४०, पुढे सॅम. ते मूल यादीत नव्हतंच, मागच्या गल्लीतून त्या कार्यकर्तीनंच शोधून आणलं होतं.