हाँगकाँगच्या लामा बेटावर चालायला जाताय? मग हे वाचा

हाँगकाँगला जाणार असाल तर एक दिवस लामा बेटासाठी ठेवाच. शहरातल्या सेंट्रल भागातल्या ४ नंबर पियरवरून (धक्क्यावरून) बेटावरच्या युंग श्वे वान गावाची फेरीबोट पकडायची, अर्ध्या तासात पोचता, बेटावर मोटारी नाहीतच त्यामुळे पोरंबाळं बिनधास्त चालतात. तिथून बेटावरच्याच सोक क्वू वान गावापर्यंतचा फॅमिली ट्रेल (पायवाट) साधारण ५ किलोमीटर, सगळा सिमेंटचा रस्ता, साधे स्पोर्ट्स शूज पुरतात. वाटेत हुंग शिंग ये बीच लागतो, मग चढ सुरू, वर टेकडीवर सावलीच नाही, म्हणून पाणी आणि टोपी मस्ट. वरच्या मंडपात थांबून मागे वळून बघा, निळा समुद्र आणि त्याला लागूनच पॉवर स्टेशनच्या तीन उंच चिमण्या, मला तर हे दृश्य फार आवडतं.

सोक क्वू वानवरून परतीच्या फेऱ्या कमी असतात, तेव्हा टाइमटेबलचा फोटो आधीच काढून ठेवा आणि हातात एक तास जास्तीचा ठेवा, तिथली ताजी मासळी खाल्ल्याशिवाय निघवत नाही. जून ते ऑगस्ट उकाड्याने जीव जातो, नोव्हेंबर-डिसेंबर बेस्ट.