ड्रेनेज तुंबलं तर बिल कोणाच्या माथी? भाड्याच्या घरातल्या चोकअपचा निवाडा असा करा

भाड्याने दिलेल्या फ्लॅटमध्ये सिंक किंवा मोरी तुंबली की वाद हमखास दोन वाक्यांवर येऊन अडतो. मालक म्हणतो, ‘वापरता तुम्ही, भरा तुम्ही.’ भाडेकरू म्हणतो, ‘घर तुमचं, पाइप तुमचे.’ दोघांचंही म्हणणं अर्धवट आहे. बिल कोणाचं हे दोन गोष्टींवरून ठरतं: पाइपातून काय निघालं आणि ते नेमकं कुठे अडकलं होतं. ही दोन्ही उत्तरं प्लंबर घरात असतानाच मिळतात. घाण पिशवीत भरून कचऱ्यात गेली की पुरावाही गेला, आणि मग उरते ती नुसती तोंडातोंडी. म्हणून प्लंबरला फोन करतानाच निवाड्याची तयारी सुरू करा.

कायदा काय म्हणतो

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे, करारात वेगळं ठरलेलं नसेल तर घर राहण्याजोगं आणि दुरुस्त ठेवणं हे मालकाचं काम आहे. लेखी नोटीस देऊन किमान १५ दिवस वाट पाहिली आणि मालक हललाच नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र एका वर्षात ही रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशापेक्षा जास्त होता कामा नये.

हे कलम भाडेकरूसाठी आहे. शहरांतली बहुतेक घरं आज ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर जातात, आणि त्यावर राहणारा माणूस कायद्याच्या भाषेत परवानाधारक असतो. तिथे करारात काय लिहिलंय यालाच आधी वजन येतं. (या लेखात सोयीसाठी दोघांनाही भाडेकरूच म्हटलं आहे.) कलम ५५ प्रमाणे हा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची असते. करार नोंदवलेला नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. ते खोटं आहे हे मालकाने सिद्ध करायचं. ‘प्लंबिंगचं तुमच्याकडे’ असं तोंडी ठरल्याचा आधार म्हणूनच फार टिकत नाही.

केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा मंजूर केला. त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत गटारसफाई, नळाचे वॉशर, कमोड आणि बेसिनची दुरुस्ती भाडेकरूकडे आहे, तर पाइप बदलणं आणि संरचनेची दुरुस्ती मालकाकडे. हा नमुना आहे. राज्याने आपला कायदा केल्याशिवाय तो बंधनकारक होत नाही. तरी करार लिहिताना ही विभागणी पायाभूत धरायला हरकत नाही. सफाई वापरणाऱ्याची, पाइप मालकाचा, हे तत्त्व व्यवहारालाही धरून आहे.

तिसरा पक्ष बरेच जण विसरतात: सोसायटी. डक्टमधली (पाइपांसाठी इमारतीत सोडलेल्या उभ्या पोकळीतली) उभी लाइन, खालची चेंबरं, सेप्टिक टँक ही सामाईक व्यवस्था आहे आणि तिचा खर्च सोसायटीचा. तुंबण्याची जागा तिथे निघाली तर भाडेकरू आणि मालक दोघेही बिलातून सुटतात.

आधी जागा शोधा

सिंकपासून सुरुवात करा. खाली बादली ठेवून बॉटल ट्रॅपची (सिंकखालच्या, पाणी धरून ठेवणाऱ्या बाटलीसारख्या भागाची) खालची वाटी हाताने फिरवून काढा. ट्रॅप धुऊन परत लावायच्या आधी भिंतीत जाणाऱ्या पाइपात मगाने थेट पाणी ओता. चार-पाच लिटर पाणी सरळ निघून गेलं तर अडथळा ट्रॅपमध्येच होता. पाणी उलट आलं तर तो पुढे, आडव्या लाइनीत आहे.

बाथरूममध्ये जाळी उचला, नहाणी ट्रॅपची आतली वाटी काढा आणि केसांचा गुंता ओढून घ्या. एवढ्याने पाणी वाहायला लागलं तर प्लंबरची गरजच नाही, आणि बिलाचा प्रश्नही नाही. ट्रॅप साफ करूनही पाणी साचत असेल तर दुसरी मोरी पाहा. वॉशिंग मशीनचं पाणी सुटल्यावर बाथरूमच्या जाळीतून बुडबुडे येतात का? येत असतील तर दोन्ही ज्या लाइनीला जोडलेले आहेत तिथे अडथळा आहे. घरातले सगळे नळ बंद असताना मोरीतून पाणी वर येत असेल, तर ते वरच्या मजल्यांचं पाणी आहे आणि उभी लाइन किंवा चेंबर भरलंय. तळमजल्याच्या आणि पहिल्या मजल्याच्या घरांना हा त्रास जास्त होतो. अशा वेळी भाडेकरूकडे एक रुपयाही मागू नये. आधी चेंबरचं झाकण उघडायला लावा, ते भरलेलं असेल तर सोसायटीच्या सेक्रेटरीला फोटोसह लेखी कळवा.

चेंबर किंवा टाकी साफ करायला कोणालाही आत उतरवू नका. सुरक्षेची साधनं न देता माणसाला सेप्टिक टँकमध्ये किंवा गटारात उतरवणं हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि आतल्या वायूने माणूस क्षणात कोसळतो. सक्शनची गाडी बोलवा.

प्लंबरने स्प्रिंग (पाइप मोकळा करायची लांब लवचिक तार) घातली तर अंतर मोजून घ्यायची एक सोपी रीत आहे. स्प्रिंग अडली की पाइपाच्या तोंडाशी तिला चिकटपट्टीची खूण करायला सांगा. बाहेर काढल्यावर टोकापासून खुणेपर्यंत टेप लावा. समजा साडेतीन मीटर भरलं आणि सिंकपासून डक्टची भिंत अडीच मीटरवर असेल, तर अडथळा फ्लॅटच्या बाहेर आहे. वळणांमुळे थोडा फरक पडतो, पण आत की बाहेर एवढं कळायला हे माप पुरतं. हा आकडा प्लंबरकडून बिलावर लिहून घ्या.

मग काय निघालं ते पाहा

निघालेली घाण जुन्या वर्तमानपत्रावर पसरा, शेजारी ट्रॅप किंवा स्प्रिंगचं टोक ठेवा, फोटो घ्या आणि तो तेव्हाच दुसऱ्या पक्षाला पाठवा. हे किळसवाणं वाटलं तरी पन्नास मेसेजपेक्षा हा एक फोटो उपयोगी पडतो.

कमोडमधून सॅनिटरी पॅड, डायपर, वेट वाइप्स, खेळणं किंवा साबणाची वडी निघाली तर खर्च भाडेकरूचा. वाइप्सवर ‘फ्लश करता येतं’ असं छापलेलं असलं तरी त्या टॉयलेट पेपरसारख्या विरघळत नाहीत. सिंकच्या ट्रॅपमधून चहाचा चोथा, भात, भिजलेली कणीक निघाली तरीही भाडेकरूचाच, अर्थात सिंकला जाळी दिलेली असेल तर. जाळी नसलेलं सिंक देऊन उष्टं अडकल्याचं बिल लावणं योग्य नाही.

तुपा-तेलाच्या थराचं तसं नाही. तूप, डालडा, खोबरेल थंड झाल्यावर गोठतात, साबणाशी मिळून पाइपाला आतून मेणासारखे चिकटतात आणि ५० मिलिमीटरच्या पाइपातून बोटभर वाट उरते. असा थर दोन-तीन महिन्यांत चढत नाही. भाडेकरू येऊन दोनच महिने झाले असतील आणि पाइपातून करडा, थरावर थर असलेला घट्ट गोळा निघाला, तर तो आधीच्या बिऱ्हाडाचा आहे. तोच भाडेकरू तीन वर्षं राहत असेल तर सफाईचा खर्च त्याने द्यावा.

सिमेंट, पांढरं सिमेंट, ग्राउट (टाइलच्या फटी भरायचं मिश्रण), टाइलचे तुकडे किंवा रंगाची साय निघाली तर जवळपास नेहमी मालकाचं काम कारणीभूत असतं. रंगकाम आणि टाइलकाम करणारे कारागीर बादली मोरीतच धुतात. सिमेंटचं पाणी आडव्या पाइपाच्या तळाशी बसून कडक होतं आणि केस तिथे अडकायला लागतात. घर देण्यापूर्वी डागडुजी केली असेल तर ही शक्यता आधी तपासा. झाडाची मुळं, गंजाचे पापुद्रे, फुटलेल्या पाइपातली माती हा खर्चही भाडेकरूवर लावता येत नाही.

केस आणि साबण यांवरून सगळ्यात जास्त वाद होतो. अंघोळ केली की केस जाणारच, तो गैरवापर नव्हे. आमचा निकष असा: हत्याराशिवाय, नुसत्या हाताने ट्रॅपमधून निघेल तेवढं भाडेकरूने वेळोवेळी काढायचं. ते न काढल्यामुळे प्लंबर बोलवावा लागला आणि त्यालाही ट्रॅपमध्येच गुंता सापडला, तर बिल भाडेकरूचं. गुंता आत आडव्या लाइनीत असेल तर मालकाचं.

पुन्हा पुन्हा तुंबतंय

साफ केलेली लाइन काही आठवड्यांत परत तुंबली तर वापराला दोष देण्याआधी उतार तपासा. सांडपाण्याच्या आडव्या पाइपाला मीटरमागे साधारण दोन ते अडीच सेंटीमीटर उतार हवा. तो कमी असला, किंवा बाथरूमच्या सखल स्लॅबमधली भर दबून पाइप मधेच खाली बसला, तर पाणी साचतं आणि गाळ तळाला राहतो. अशा ठिकाणी कितीही स्प्रिंग मारली तरी आराम तात्पुरताच. हा बांधकामाचा दोष आहे. टाइल फोडून पाइप बदलण्याचा खर्च मालकाचा, आणि तोवरच्या सफाईचाही.

दर वेळी ॲसिड ओतणं हा उपाय नाही. त्याने ग्राउट झिजतं, स्टीलची जाळी आणि धातूचे जोड खाल्ले जातात, पण गोठलेलं तेल जागचं हलत नाही. कॉस्टिकची पावडर टाकली असेल तर त्यावर ॲसिड ओतू नका, आणि ब्लीचवर तर कधीच नाही. ब्लीचवर ॲसिड पडलं की क्लोरीन वायू सुटतो. काय टाकलंय ते प्लंबरला सांगा, नाहीतर ट्रॅप उघडताना ते त्याच्या हातातोंडावर उडतं.

बिल कसं लावायचं

प्लंबरकडून एकरकमी आकडा घेऊ नका. सफाईची मजुरी वेगळी, मशीनचं भाडं वेगळं, बदललेला सुटा भाग वेगळा, आणि खाली एका ओळीत कारण: ‘कमोडमधून डायपर काढला, तोंडापासून ६० सेंटीमीटर’. कारण न लिहिलेल्या बिलावर भाडेकरूकडे पैसे मागू नयेत, हे आमचं ठाम मत आहे.

दोन्हीकडे थोडा थोडा दोष असेल तर बिल ओळींप्रमाणे वाटा. समजा एकूण २,४०० रुपये झाले: ट्रॅपमधलं उष्टं काढायचे ९०० आणि तडकलेला पाइप बदलायचे १,५००. पहिली ओळ भाडेकरूची, दुसरी मालकाची. सरसकट अर्धं-अर्धं करण्यापेक्षा हे दोघांना पटतं. कारण सापडलंच नाही, तर खर्च मालकाने घ्यावा. मागणारा तो आहे, तेव्हा दाखवण्याची जबाबदारीही त्याचीच.

प्लंबर येण्यापूर्वी मालकाने भाडेकरूला एक मेसेज टाकावा: ‘उद्या ११ वाजता प्लंबर येतोय. अडथळा वापरामुळे निघाला तर सफाईचा खर्च तुमच्याकडे, पाइपाचा दोष निघाला तर माझ्याकडे. शक्यतो समोर थांबा.’ आधी कळवलेलं असलं की नंतरचं बिल अंगावर आल्यासारखं वाटत नाही. भाडेकरूंनीही पाणी हळू उतरायला लागलं त्याच दिवशी कळवावं. आठवडाभर गप्प राहिल्याने खालच्या घराच्या छताला ओल आली, तर ते वाढीव नुकसान तुमच्याकडे येऊ शकतं.

पैसे मिळाले नाहीत म्हणून पाणी तोडणं किंवा संडास-मोरीची सोय अडवणं हे कलम २९ खाली चालत नाही. डिपॉझिटमधून परस्पर कापूनही घेऊ नका. रक्कम, तारीख आणि फोटो लेखी कळवा, हिशेब घर सोडताना होईल.

करारात आणि ताबा देताना

करारात ‘किरकोळ दुरुस्ती भाडेकरूकडे’ एवढंच लिहिलेलं असतं आणि किरकोळ म्हणजे काय यावरून भांडण होतं. त्याऐवजी असं लिहा: ‘सिंक, बेसिन, मोरी व कमोडचे ट्रॅप साफ ठेवणे, तसेच वापरातील वस्तू अडकल्याने येणारा सफाईचा खर्च परवानाधारकाकडे राहील. भिंतीतील व जमिनीखालील पाइप, उतार, गळती आणि ताबा दिल्यापासून पहिल्या ३० दिवसांत उद्भवलेले चोकअप यांचा खर्च मालकाकडे राहील. प्लंबरच्या बिलावर कारण व जागा नमूद असणे आवश्यक.’ पहिले ३० दिवस मालकाकडे ठेवायचे ते एवढ्यासाठी, की आधीची घाण त्या काळात वर येते.

ताबा देताना दोघांनी मिळून चाचणी घ्या. सिंकला बूच लावून ते काठोकाठ भरा आणि एकदम सोडा. पाणी भोवरा करत, न अडखळता गेलं पाहिजे. प्रत्येक मोरीत १५ लिटरची बादली एकदम ओता. कमोड लागोपाठ दोनदा फ्लश करा. शेवटी सिंक आणि बाथरूमचा नळ एकाच वेळी चालू ठेवून जाळ्या पाहा. सगळ्याचा सलग व्हिडिओ घेऊन एकमेकांना पाठवा.

घर सोडण्याच्या दिवशी हीच चाचणी त्याच क्रमाने घ्या. पाणी आधीसारखंच उतरलं तर ड्रेनेजच्या नावाखाली डिपॉझिटमधून नवी कपात करू नये. हळू उतरलं तर प्लंबर त्याच दिवशी, भाडेकरू समोर असतानाच बोलवावा.