ठाण्याच्या पाटीवरची पाच अक्षरं

मराठी शब्दकोडी सोडवत मोठं झालेल्या माणसाला इंग्रजी शब्दखेळात पहिली अडचण येते ती मोजण्याची. आमच्या कळव्याच्या घरी रविवारची पुरवणी आली की कोडं आजीचं. 'प्रकाश' म्हणजे तीन घरं : प्र, का, श. काना, मात्रा, जोडाक्षर, सगळं एकेका घरात मावतं. त्याच अर्थाच्या इंग्रजी 'लाइट'ला मात्र पाच घरं लागतात : एल, आय, जी, एच, टी. त्यातले जी आणि एच तर तोंडातून बाहेरच पडत नाहीत. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकल्यामुळे शब्द आधी कानात ऐकायचा, मग लिहायचा, ही सवय हाडीमासी खिळलेली. एका कंपनीच्या लेखी परीक्षेत विस्कटलेल्या अक्षरांवरून शब्द ओळखायचे दहा प्रश्न होते. सहा कोरे सोडले. घरी येऊन उत्तरं पाहिली तर सगळे शब्द ओळखीचे होते, आणि त्याचंच जास्त वाईट वाटलं.

पुढे वाशीला नोकरी लागली. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरनं जेमतेम अर्धा तास. लेडीज डब्यात रोज एक काकू भेटायच्या, कॉलेजपासून स्क्रॅबल (अक्षरांच्या फरश्या मांडून इंग्रजी शब्द बनवायचा खेळ) खेळणाऱ्या. परीक्षेची गोष्ट सांगितल्यावर त्यांनी खिडकीतून स्टेशनच्या पाटीकडे बोट दाखवलं. "ठाणे इंग्रजीत कसं लिहिलंय बघ. टी, एच, ए, एन, ई. यातून चार अक्षरी शब्द काढ."

मी 'दॅन' आणि 'देन' म्हटलं आणि थांबले. ऐरोली आलं तरी माझं डोकं पुढे चालेना.

"अगं, उच्चार सोड. ई आणि ए शेजारी ठेव, मग दोन्ही बाजूंना काय बसतं ते बघ."

ई-ए जोडी ठेवल्याबरोबर एच-ई-ए-टी दिसलं, मग एन-ई-ए-टी. ई शेवटी नेला तर एच-ए-टी-ई. 'हीट' आणि 'हेट' कानाला वेगळे, डोळ्याला तीच चार अक्षरं. मराठीत ई आणि ए हे दोन वेगळे स्वर, त्यामुळे आपला कान त्यांना एका पिशवीत घालतच नाही. नव्यानं सुरुवात करणाऱ्याला मी आजही आधी हेच करायला लावते : अक्षरं मोठ्यानं वाचायची नाहीत. कागदावर गोल लिहायची, म्हणजे पहिलं कुठलं आणि शेवटचं कुठलं हे मनात पक्कं बसत नाही.

दुसरी पायरी शेपटं काढण्याची. समजा सात अक्षरं मिळाली : ए, डी, ई, जी, आय, एन, आर. आय-एन-जी दिसलं की ते उचलून बाजूला ठेवायचं. उरले ए, डी, ई, आर. त्यातून आर-ई-ए-डी, म्हणजे 'रीडिंग' तयार. 'डेअर' हा शब्दही त्याच चार अक्षरांचा, पण त्याला आय-एन-जी लावताना शेवटचा ई गळतो, 'डेअरिंग' सहाच अक्षरांचा होतो आणि सात अक्षरी घरात बसत नाही. ठरावीक लांबीचा शब्द शोधताना हे गळणारं अक्षर फार फसवतं. आता शेपूट बदलून बघा. आय-एन-जी परत ठेवा आणि ई-डी उचला. उरतं जी-आर-ए-आय-एन, म्हणजे 'ग्रेन', आणि पुढे 'ग्रेन्ड'. तीच सात अक्षरं, दुसरा शब्द. स्क्रॅबलमध्ये हातातल्या सातही फरश्या एका डावात लावल्या तर ५० गुण जादा मिळतात, त्यामुळे हा सराव वाया जात नाही. ई-आर, ई-एस-टी, एल-वाय ही शेपटं आणि आर-ई, यू-एन ही डोकी एवढ्यावर महिनाभराचा सराव निघतो.

स्क्रॅबलच्या १०० फरश्यांत ई तब्बल १२ आहेत आणि क्यू एकच, त्याचे गुण १०. हा खेळ बनवणाऱ्या आल्फ्रेड बट्स या अमेरिकन वास्तुविशारदानं वर्तमानपत्रातली अक्षरं मोजून हे प्रमाण ठरवलं होतं. क्यू हाती आला आणि यू नसला की नवखे घाबरतात. इथे आपल्या कानावरचे शब्द धावून येतात. 'फकीर' एफ-ए-क्यू-आय-आर असा चालतो, 'निकाब' एन-आय-क्यू-ए-बी. दोन्ही पाच अक्षरी. नुसता क्यू-आय हा दोन अक्षरी शब्दही चालतो. डी आणि एच शेजारी असले तर 'धोती' विसरू नका.

वर्डल हा पाच अक्षरी शब्द ओळखायचा ऑनलाइन खेळ २०२१ च्या शेवटी लोकांसमोर आला आणि डब्यातल्या निम्म्या मुली मोबाइलवर पाच अक्षरी शब्द शोधू लागल्या. सहा संधी, आणि अक्षर बरोबर जागी असेल तर हिरवा रंग. यातला एक सापळा सांगते. दुसऱ्या जागेपासून आय-जी-एच-टी हिरवं झालं की वाटतं झालंच. पण पहिल्या जागी ई, एफ, एल, एम, एन, आर, एस, टी यांतलं काहीही बसू शकतं. एकेक लावत बसलात तर संधी संपतील. तिथे 'फिल्म्स' टाका : एफ, एल, एम, एस चारही एका फटक्यात तपासून होतात. उत्तर तो नाही हे माहीत असूनही तो शब्द वापरायचा. मला हे पटायला वेळ लागला, कारण परीक्षेत आपण मुद्दाम चुकीचं उत्तर कधी लिहीत नाही. (वर्डलच्या हार्ड मोडमध्ये, म्हणजे कठीण प्रकारात, मात्र मिळालेली अक्षरं वापरावीच लागतात, तिथे हा डाव चालत नाही.)

ऑफिसच्या संगणकावर लिनक्स ही प्रणाली असेल तर फाइलमधल्या हव्या त्या ओळी शोधून देणारी ग्रेप ही आज्ञा शिकून घ्या. तिच्यात टिंब म्हणजे कुठलंही एक अक्षर. सुरुवातीला टोपीचं चिन्ह, शेवटी डॉलर आणि मधे पाच टिंबं दिली की शब्दयादीतल्या पाच चिन्हांच्या सगळ्या ओळी समोर येतात. एखाद्या टिंबाच्या जागी अक्षर लिहा, यादी लगेच आखडते. माझ्या मते हे पंधरा मिनिटं स्वतः झगडल्यावरच करावं. आयती यादी वाचून शब्द डोक्यात टिकत नाही, चुकलेला शब्द टिकतो. मी चुकलेले शब्द वहीत अक्षरं वर्णक्रमानं लावून लिहिते, उत्तर मागच्या पानावर.

काकू निवृत्त झाल्या त्या आठवड्यात त्यांनी पाटीचं कोडं पुरं केलं. टी-एच-ए-एन-ई हा जसाच्या तसा इंग्रजी शब्द आहे, उच्चार 'थेन', अर्थ जुन्या स्कॉटलंडमधला सरदार. मग त्यांनी त्यात एस घालायला सांगितला. सहा अक्षरं. शेवटी एस लावून अनेकवचन झालंच, पण त्या म्हणाल्या, "अजून एक आहे." गाडी कोपरखैरणे सोडून तुर्भ्याकडे निघाली होती. मी ई-एन उचलून शेवटी ठेवले, उरले एच, ए, एस, टी. 'हेसन', घाई करणे. त्यातला टी उच्चारत नाहीत.