जुना रबर प्लांट पानं गाळतोय? या चुका टाळा

पाच-सहा वर्षं एकाच कुंडीत असलेल्या रबर प्लांटची खालची पानं पिवळी पडून गळू लागली की बहुतेक घरांत आधी पाणी वाढवतात, मग खत. घाई करू नका. जुन्या झाडाचं दुखणं बहुधा मुळांशी असतं.

पाणी घालताक्षणी तळातून वाहून जात असेल तर मुळांचा गोळा घट्ट झालाय. वाळलेला गोळा पाणी धरत नाही, पाणी कडेकडेनं निसटतं आणि मधली मुळं कोरडीच राहतात. कुंडी अर्धा तास पाण्याच्या बादलीत ठेवा, मग निथळू द्या. उलट, दोन इंच खालची माती चिकट लागली, कुबट वास आला, तर मुळं कुजताहेत. अशा झाडाला पाणी म्हणजे विषच. झाड बाहेर काढून काळी, मऊ मुळं कापून टाका.

कुंडी बदलताना सर्वांत मोठी चूक होते ती आकाराची. 10 इंची कुंडीतून थेट 16 इंचीत नेलं की मुळं न पोचलेली माती आठवडाभर ओली राहते आणि कूज लागते. 12 इंची पुरे. तळाशी खडीचा थरही नको. त्यानं निचरा सुधारत नाही, पाणी खडीच्या वरच्या मातीतच अडकतं आणि मुळांची जागा कमी होते. भोकावर खापरीचा एक तुकडा बस्स. मिश्रण: दोन भाग माती, प्रत्येकी एक भाग कंपोस्ट, कोकोपीट (नारळाच्या सालीचा भुसा) आणि जाड वाळू. गोल गोल फिरलेली मुळं असतील तर गोळ्याला सुरीनं तीन-चार उभ्या चिरा द्या. हे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये किंवा पावसाळ्याच्या तोंडावर करावं. त्यानंतर महिनाभर खत नाही.

मातीवर पांढरी पापडी दिसली तर ते साचलेले क्षार. कुंडीच्या दोन-तीन पट पाणी हळूहळू ओतून धुवून काढा.

शेंडा छताला लागला तर पेऱ्याच्या (खोडावर पान फुटतं त्या जागेच्या) किंचित वर छाटा. पांढरा चीक त्वचेला खाज आणतो, हातमोजे घालाच.

पानं चमकावीत म्हणून खोबरेल लावू नका. तेलावर धूळ बसते, पानांची रंध्रं बुजतात. ओलं फडकं पुरतं.

आणि झाड खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात नेल्यावर चार-पाच पानं गळाली, तर दोन-तीन आठवडे त्याला हलवू नका.