रुइबॉसची गोडी कशी लावून घ्यावी

रुइबॉस म्हणजे दक्षिण आफ्रिकेतल्या एका झुडपाच्या पाल्याचा चहा. त्याचं पाकीट घरात येतं, नेहमीच्या चहासारखा एकदा उकळला जातो, "पाणचट लागतो, लाकडाचा वास येतो" असं ठरतं आणि पाकीट फळीवर मागे जाऊन पडतं. बहुतेकांचं बिनसतं ते करण्याच्या पद्धतीत. त्यात दोन सल्ले सगळीकडे फिरत असतात: 'गरम पाण्यात दोन मिनिटं पिशवी बुडवा' आणि 'आलं-वेलची घालून आपला मसाला चहा करा'. दोन्ही विसरून जा.

रुइबॉस हा मुळात चहाच्या झाडाचा पाला नाही. दक्षिण आफ्रिकेच्या वेस्टर्न केप प्रांतात, केपटाऊनच्या उत्तरेला सेडरबर्गचे डोंगर आहेत. तिथल्या रेताड जमिनीत येणारं हे द्विदल कुळातलं झुडूप, पानं सुईसारखी बारीक. त्याच्या वापराचं ज्ञान मूळचं खोई आणि सान या तिथल्या आदिवासी लोकांचं. 1904 मध्ये बेंजामिन गिन्सबर्ग यांनी त्याचा व्यापार सुरू केला आणि 1930 च्या दशकात त्याच भागातल्या क्लॅनविल्यम गावचे डॉक्टर ल फ्रा नॉर्टिये यांनी त्याचं हट्टी बी रुजवून दाखवल्यावर शेती उभी राहिली. कापलेल्या फांद्या बारीक चिरतात, चेचतात, पाणी मारून ढीग लावतात. त्या ढिगात हिरवा पाला तांबडा होतो आणि मग उन्हात वाळवतात. आपण ज्याला लाकडाचा वास म्हणतो तो, आणि त्यामागून येणारा मधासारखा गोडसर वास, या ढिगातच तयार होतो. तीच त्याची चव. ती झाकायची नाही, ओळखायला शिकायचं.

काय आणावं

तांबडा, सुटा, वरून वास न घातलेला. व्हॅनिला, कॅरॅमल वगैरे घातलेला पहिल्यांदा अजिबात नको. पिशव्याच मिळाल्या तर कपाला दोन.

उकळणं आणि दूध

सगळं अडतं ते इथे. माझंही बराच काळ इथेच अडलं होतं.

आपल्या चहाला जो कडकपणा असतो तो टॅनिनचा. टॅनिनमुळे जीभ जराशी आवळते, तुरटपणा येतो आणि तोच तुरटपणा दुधाची साय आणि साखर दोन्ही पेलतो. रुइबॉसमध्ये टॅनिन फार कमी आणि कॅफिन तर नाहीच. त्यामुळे जीभ सवयीने तो आवळ शोधते, तो सापडत नाही, आणि आपण म्हणतो, "यात काही दमच नाही." ही एक गोष्ट लक्षात आली की बाकीचं सगळं उलगडतं.

टॅनिन कमी म्हणजे जास्त उकळला तरी कडवट होण्याची भीती नाही. तेव्हा हात आखडू नका. एका मोठ्या कपाला दोन चमचे भरून पाला घ्या. पाणी सव्वा कप. उकळी फुटली की पाला टाका, आच मंद करा, झाकण ठेवा आणि आठ ते दहा मिनिटं हलकं उकळू द्या. रंग नुसता तांबूस दिसला म्हणून उतरवू नका. रंग पहिल्या दोन मिनिटांतच येतो आणि तिथेच लोक फसतात. चवीला अंग येतं ते बऱ्याच नंतर. विटेसारखा गडद, जवळजवळ तपकिरी झाला की उतरवा. दक्षिण आफ्रिकेतल्या जुन्या घरांत रुइबॉसची किटली चुलीच्या कडेला दिवसभर ठेवलेली असायची आणि लागेल तसा कप भरून घेतला जायचा. दोन मिनिटं पिशवी बुडवण्याचा सल्ला देणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हवं.

आता दूध. दूध पातेल्यात घालून उकळायचं नाही. कधीच नाही. चहात ते चालतं, कारण तुरटपणा दुधाशी झुंज देतो. रुइबॉस दुधासोबत उकळला की दूधच जिंकतं आणि हाती येतं तांबूस रंगाचं, आटवलेलं गोड दूध. त्यातून दूध म्हशीचं, सायीचं असेल तर विचारूच नका. आधी रुइबॉस गाळून घ्या, मग वरून गरम दूध घाला, कपाच्या पाव भागाहून जास्त नाही. गाईचं किंवा साय काढलेलं दूध बरं.

दूध घालावं की नाही यावर बरेच जण वाद घालतात. 'खरा रुइबॉस कोराच' असं ठासून सांगतात. पण दक्षिण आफ्रिकेत असंख्य घरांत तो दूध-साखर घालूनच पितात. सुरुवात दुधाने करण्यात काहीच कमीपणा नाही.

साखरेचं सोपं आहे: नेहमीपेक्षा निम्मी. त्याला स्वतःचा गोडवा आहे.

आलं, वेलची, चहा मसाला पहिला महिनाभर डब्यातच राहू द्या. मसाला घातला की आवडतो तो मसाला, आणि मसाला काढला की तुम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर.

गाळणं

नेहमीच्या गाळणीतून बारीक काड्या खाली उतरतात आणि घशाशी येतात. फार बारीक जाळीची गाळणी घ्या, नाहीतर स्वच्छ सुती फडकं. अमृततुल्यवाले चहा फडक्यातून गाळतात तसाच गाळा.

कधी प्यावा

रात्री, जेवणानंतर तासाभराने. सकाळच्या चहाच्या जागी कधीही नाही, निदान सुरुवातीला तरी नाही. सकाळी आपल्याला चवीइतकीच कॅफिनची तलफ असते. चहा एकदम बंद केला की डोकं दुखतं, चिडचिड होते आणि त्याचं खापर रुइबॉसवर फुटतं. रात्रीच्या कपाकडून जिभेची काही मागणी नसते. तिथे तो लवकर रुळतो, आणि झोपही उडत नाही. वजन उतरेल, साखर आटोक्यात येईल असं ऐकून काढ्यासारखा नाक धरून पिऊ नका. कर्तव्य म्हणून प्यायलेल्या कशाचीच गोडी लागत नाही. सोबत टोस्ट घ्या. दक्षिण आफ्रिकेतही जाडजूड कडक रस्क त्यात बुडवून खातात, आणि टोस्ट बुडवून खाणं आपल्याला कुणी शिकवायला नको.

पंधरा-वीस दिवस असा रोज एक कप झाला की दूध थोडं थोडं कमी करत जा. एखाद्या रात्री पूर्ण कोरा घेऊन बघा, साखर न घालता. मागून येणारा मधाचा वास तेव्हा स्वच्छ कळतो. उरलेला कोरा रुइबॉस फेकू नका. फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी लिंबाची फोड आणि पुदिन्याची दोन पानं घालून गार प्या. उन्हाळ्यात मला तो सरबतापेक्षा आवडतो.

हिरवा रुइबॉस मात्र सगळ्यात शेवटी. तो ढीग लावून तांबडा न करता तसाच वाळवलेला असतो, चव गवतासारखी आणि थोडी तुरट. त्याला पातेल्यात उकळू नका. उकळी बसलेलं पाणी ओता, पाच मिनिटं झाका आणि दूध न घालता प्या.